शत्रूच्या गोटांतील साक्षी : काशीराज पंडित

इतिहास लिहिणारा पुष्कळदां रणापासून दूर, कागदांच्या ढिगाजवळ बसलेला असतो. परंतु क्वचित् असाही एखादा पुरुष निपजतो कीं, जो वकिलीच्या निमित्तानें शत्रूच्या गोटांत वावरतो आणि पुढें तेंच सारें लिहून ठेवतो. पांचव्या शतकांत रोमन साम्राज्यांत प्रिस्कस नांवाचा असा एक ग्रंथकार होऊन गेला. इ. स. ४४९ मध्यें तो कॉन्स्टँटिनोपलच्या वकिलाबरोबर हूणांचा राजा अत्तिल याच्या भेटीस गेला. पाहुण्यांपुढें सोन्यारुप्याचीं पात्रें असतां राजा स्वतः लांकडी ताटांत जेवत होता, हें त्यानें टिपून ठेवलें, म्हणूनच आज जगास ठाऊक आहे.

आपल्याकडील तसा पुरुष म्हणजे काशीराज पंडित. हा दक्षिणी ब्राह्मण. चाकरी मात्र अयोध्येचा नबाब सुजाउद्दौला याच्या पदरीं. १७६० सालीं नबाब अहमदशहा अब्दालीस मिळाला, तेव्हां काशीराजही ओघानेंच त्या छावणींत गेला. समोर सदाशिवरावभाऊंची फौज, म्हणजे आपलीच भाषा बोलणारीं माणसें! तहाचें बोलणें निघे तेव्हां भाऊंचीं पत्रें यास येत. कारण धन्याचा विश्वास आणि मराठ्यांची ओळख हीं दोन्हीं एकाच माणसाच्या ठायीं होतीं. सुजाउद्दौला तहास अनुकूल होता. पण नजीबखान रोहिल्यानें तो होऊं दिला नाहीं.

काशीराजानें पाहिलें काय? छावणीच्या पुढें अब्दालीचा एक लहानसा तांबडा तंबू उभारलेला असे. पहांटे तो तेथें येई आणि घोड्यावर बसून एकूणएक चौकी स्वतः तपाशी. इकडे मराठ्यांच्या तळांत अन्नान्नदशा झालेली. १४ जानेवारी १७६१ रोजीं, उजाडण्यापूर्वींच, भाऊंची अखेरची चिठ्ठी काशीराजाच्या हातीं आली : जें कांहीं घडवावयाचें तें आतांच घडवा, पुढें लिहिण्याबोलण्यास अवकाश नाहीं, असा तिचा आशय. तो ती नबाबास वाचून दाखवीत आहे तोंच मराठे बाहेर पडल्याची बातमी आली. नबाबानें अब्दालीस गांठलें. अब्दाली घोड्यावर बसून शांतपणें हुक्का ओढीत होता. तोफांचा आवाज कानीं पडतांच त्यानें हुक्का चाकराच्या हातीं दिला आणि तुमची बातमी खरी, एवढेंच तो नबाबास म्हणाला.

लढाईनंतरचें काम याहून कठीण होतें. विश्वासरावांचा देह मिळाला; भाऊंचा मिळाला तो शिरावेगळा, अंगावरील खुणांवरून ओळखलेला. नबाबानें रदबदली केली, म्हणून दोघांस अग्निसंस्कार घडला, आणि त्या कामीं काशीराज स्वतः झटला. पुढें भाऊंचा तोतया उभा राहिला व १७७६ सालीं त्यास देहान्त शिक्षा झाली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या साक्षीचें मोल कळून येतें.

त्यानें आपली हकीकत फार्सींत १७८० सालीं लिहिली. जेम्स ब्राऊन यानें केलेलें तिचें इंग्रजी भाषांतर एशियाटिक रिसर्चेसच्या तिसऱ्या खंडांत छापलें गेलें व १९२६ मध्यें रॉलिन्सन यांनीं तें पुन्हां प्रसिद्ध केलें. यदुनाथ सरकारांनीं मूळ फार्सीवरून नवें भाषांतर केलें. तथापि ग्रंथ डोळे मिटून स्वीकारूं नये. तो एकोणीस वर्षांनंतरच्या आठवणींवर रचलेला आहे, आणि धन्याविषयींचा ओढा त्यांत लपत नाहीं. मराठ्यांचे ५५ हजार स्वार व १५ हजार पायदळ, असे त्याचे आंकडेही पेशवे दप्तरांतील तत्कालीन पत्रांशीं ताडूनच घ्यावयाचे. जें त्यानें स्वतः पाहिलें त्यास अधिक वजन, जें ऐकलें त्यास कमी. एवढा विवेक ठेवला म्हणजे झालें.

वर्धा जिल्ह्यांतील शाळेंत पानिपत शिकवितांना मी फळ्यावर एक तारीख लिहून मोकळा होत असें. एकदां काशीराजाची गोष्ट निघाली, तेव्हां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, मग हा फितूरच ना?” त्या दिवशीं मला उत्तर सुचलें नाहीं. आज वाटतें, ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याशीं तो बेइमान झाला नाहीं. आणि स्वकीयांसाठीं तह साधला नाहीं तरी निदान त्यांच्या चितेस अग्नि मिळावा म्हणून तो झटला. त्यास फितूर म्हणण्यापूर्वीं, त्या पहांटे ती चिठ्ठी आपल्या हातीं पडती तर आपण काय केलें असतें, हें ज्यानें त्यानें स्वतःस विचारावें.