तोट, तोटा आणि पाटी

कन्नडमध्ये बागेला 'तोट' म्हणतात आणि कर्नाटक सरकारच्या उद्यान खात्याचं नाव आहे 'तोटगारिके इलाखे'. बंगळुरूच्या लालबागेचा कारभार याच खात्याकडे. बंगळुरूत नव्यानं आलेल्या मराठी माणसाला हे कुणी वाचून दाखवलं की तो आधी दचकतो, मग हसतो. सरकारनं तोट्याचं स्वतंत्र खातं काढलं की काय! शहराच्या बनशंकरी भागात बागा करून देण्याचा व्यवसाय सुरू करणाऱ्या मराठी माणसाला मात्र हे हसण्यावारी नेऊन चालत नाही. त्याचं गिऱ्हाईक कन्नड, कुंड्या उचलणारी माणसं कधी तेलुगू तर कधी तमिळ, अपार्टमेंटचा सेक्रेटरी हिंदी बोलणारा आणि धंद्याला नाव सुचवायला बसलेलं घर मराठी.

अशा घरात पहिल्या दहा मिनिटांतच कुणीतरी 'कस' हे नाव सुचवणार. दोन अक्षरी, झोकदार, जमिनीच्या कसाची आठवण देणारं. कन्नडमध्ये 'कस' म्हणजे कचरा. उलट बाजूनंही तेवढीच पंचाईत आहे. कन्नडमध्ये झाडाला 'मर' म्हणतात. मराठी शेतकऱ्याला 'मर' म्हटलं की हरभऱ्याची वाळत गेलेली रोपं दिसतात. त्या मानानं 'हिरवळ' सुखरूप सुटते. दोन्ही भाषांत 'ळ' ठणठणीत असल्यामुळे कन्नड पाटीवरही ती नीट उमटते, इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र लंगडते. तिला 'लॉन्स' जोडण्याचा मोह आवरलेला बरा. 'हिरवळ लॉन्स' म्हटल्यावर पुण्या-नाशिकचे पाहुणे लग्नाची तारीख मोकळी आहे का, तेच विचारतील.

मग कुणीतरी म्हणतं, एवढं डोकं कशाला शिणवायचं, 'बनशंकरी गार्डन्स' ठेवा. सूचना दिसते तितकी आळशी नाही. या देवीचं मूळ ठाणं बदामीजवळ चोळचगुड्डला. ती वनाची देवी, तीच शाकंभरी, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी. पौषातल्या शाकंभरी नवरात्रात तिथे 'पल्लेद हब्ब' होतो, म्हणजे भाज्यांचा सण. देवीला १०८ भाज्यांचा नैवेद्य दाखवतात. बंगळुरूच्या बनशंकरी देवळात मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी राहुकाळात बायका लिंबू अर्धं चिरून पिळतात, साल उलटी करून तिची वाटी करतात, तीत तेल-वात घालून दिवा लावतात. झाडापाल्याचा धंदा आणि अशी देवी यांची सांगड कुणालाही घालावीशी वाटेल.

अडतं ते कायद्यात. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं नववं कलम सांगतं की, नुसती जागा सांगणारं किंवा कामाचं नुसतं वर्णन करणारं नाव सहसा कुणा एकाच्या नावावर नोंदवलं जात नाही. बनशंकरीतल्या दुसऱ्या माळ्यालाही आपण बनशंकरीतले आहोत हे सांगण्याचा हक्क आहेच. देवाधर्माच्या नावांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल माहीत असावा. उदबत्तीसाठी 'रामायण' या नावावर मक्तेदारी मागितली गेली होती. पवित्र ग्रंथाचं नाव असं एकट्याचं होऊ शकत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. तेव्हा देवीचं नाव दुकानाच्या कपाळावर खुशाल लिहावं, पण शेजाऱ्यानं तेच लिहिलं तर भांडायला जाऊ नये.

'ग्रीन'चं दुखणंही याच कलमातलं. बंगळुरूत बागकामवाल्यांची यादी उघडली की 'ग्रीन', 'इको' आणि 'नेचर' यांची रांग लागते. हिरवा रंग ही या धंद्याची वर्दी झाली आहे आणि वर्दीतला माणूस ओळखू येत नाही. गिऱ्हाईक मैत्रिणीला सांगतं, 'अगं, ते ग्रीन काहीतरी आहे बघ,' आणि मैत्रीण फोन लावते भलत्याच ग्रीनला.

टिकलेली नावं पाहिली तर त्यांत हिरवेपणा फारसा सापडत नाही. उदाहरणासाठी बनशंकरीच्या बाहेर जायचीही गरज नाही. मनमोहन अत्तावर यांनी १९६५ मध्ये काढलेली 'इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्स' ही कंपनी बनशंकरी सेकंड स्टेजमध्ये वाढली. संकरित फुलांचं बी तयार करून परदेशी पाठवायचं, हा तिचा सुरुवातीचा उद्योग. नावात फूल नाही, पान नाही, आहेत ते दोन देश. पुढे कंपनी भाज्यांच्या बियाण्यात उतरली, टिश्यू कल्चरमध्ये गेली. नाव कुठेच आडवं आलं नाही. गंमत वाणांच्या नावांत आहे. १९७३ मध्ये कंपनीनं बाजारात आणलेल्या संकरित टोमॅटोचं नाव 'कर्नाटक' आणि ढोबळी मिरचीचं 'भारत'. कारखान्याच्या पाटीवर अमेरिका आणि शेतकऱ्याच्या हातातल्या पाकिटावर स्वतःचं राज्य, हे नाव ठेवणाऱ्याचं डोकं मानायलाच हवं.

त्याच सुमारास, १९६४ मध्ये, जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 'महाराष्ट्र हायब्रिड सीड्स' सुरू केली. एवढं लांब नाव बांधावर कोण उच्चारणार? ते 'महिको' झालं आणि महिकोच राहिलं. पुण्याची 'पेस्तनजी पोचा अँड सन्स' तर १८८४ ची. बंगल्यापुढे फुलझाडं लावणाऱ्या पिढ्या 'पोचाचं बी' मागवत आल्या. पोचा हे आडनाव आहे, याचा विचारही कुणी केला नसेल. आडनावाचा एक फायदा असा की, ट्रेडमार्क कायद्याचं ३५ वं कलम प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला संरक्षण देतं. कुलकर्णी किंवा जोशी असण्यातली अडचण मात्र उघड आहे. ती आडनावं एकट्याची कधी नव्हतीच.

आता नावामागच्या शेपटाकडे वळू. 'गार्डनर्स' लिहायचं की 'लँडस्केप आर्किटेक्ट्स'? हा वाद दोन शतकांहून जुना आहे. इंग्लंडमध्ये लॅन्सलॉट ब्राउननं (१७१६-१७८३) कितीतरी जमीनदारांच्या बागा पालटल्या. प्रत्येक इस्टेट पाहून तो तिच्यात मोठी 'कॅपेबिलिटी' आहे असं म्हणायचा, म्हणून लोकांनी त्याचं नावच 'कॅपेबिलिटी ब्राउन' करून टाकलं. त्याच्यानंतर आलेल्या हम्फ्री रेप्टननं १७८८ मध्ये धंदा मांडताना 'लँडस्केप गार्डनर' हे बिरुद स्वतःच घेतलं आणि तसं कार्ड छापलं. कार्डावरच्या चित्रात तो स्वतः मोजणीचं यंत्र लावून उभा आहे आणि मजूर खणताहेत. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी १८६० च्या दशकात 'लँडस्केप आर्किटेक्ट' रूढ केलं. ओल्मस्टेडला ते स्वतःलाच फारसं आवडत नव्हतं, हा भाग वेगळा.

भारतात १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याला 'आर्किटेक्ट' ही पदवी मिरवता येत नाही. त्याच कायद्याच्या ३७ व्या कलमात झाडं, रोपं आणि मोकळ्या जागांची आखणी करणाऱ्या 'लँडस्केप आर्किटेक्ट'ला वगळलं आहे, जहाजं आखणाऱ्या 'नेव्हल आर्किटेक्ट'च्या शेजारी बसवून. म्हणजे कायद्यानं दार उघडं ठेवलं आहे. तरी त्यातून आत शिरण्याआधी थांबावं. हा विषय रीतसर शिकून पदवी घेणारे लोक शहरात आहेत, आणि तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर गच्चीत वाफे करून देणाऱ्यानं तीच पाटी लावली तर पहिली गळती लागल्यावर घरमालक प्रश्न आर्किटेक्टला विचारावेत तसेच विचारणार.

नाव अवघड असेल तर लोक उच्चारणार नाहीत, ही भीती बहुतेकांना असते. बंगळुरूपुरती तरी ती पोकळ आहे. गुस्ताव क्रुंबिगेल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत बडोद्याला आला, १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेला आणि लालबागेचा प्रमुख झाला. याहून अवघड नाव शोधून सापडणार नाही, पण लालबागेजवळचा रस्ता आजही क्रुंबिगेल रोडच आहे. याउलट कब्बन पार्कला १९२७ पासून श्री चामराजेंद्र पार्क असं रीतसर नाव आहे. पत्ता सांगताना ते कुणाच्याही तोंडी येत नाही. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाला मुंबईकर अजून राणीची बागच म्हणतात.

पाटीचं गणित सगळ्यात शेवटी आठवतं, खरं तर ते आधी करायला हवं. २०२३ च्या डिसेंबरात बंगळुरूत इंग्रजी पाट्यांची मोडतोड झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत कायद्यात दुरुस्ती झाली. पाटीचा ६० टक्के भाग कन्नड हवा आणि कन्नड वरच्या बाजूला हवं. महाराष्ट्रात मराठी पाट्यांसाठी जी धावपळ झाली, तिचीच ही बहीण. तेव्हा नाव पक्कं करण्याआधी ते कन्नड जाणणाऱ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावं आणि शेजारच्या आजींना वाचायला लावावं. 'कस'सारखा घोटाळा असेल तर आजी तिथल्या तिथे सांगतील, तेही फुकट.

उरलं कागदपत्रांचं काम. एकट्यानं मालकीत धंदा करायचा तर नाव मंजूर करून घ्यावं लागत नाही. प्रायव्हेट लिमिटेड काढायची असेल तर एक हजार रुपये भरून एका अर्जात दोन नावं सुचवता येतात आणि मंजूर झालेलं नाव वीस दिवस राखून ठेवलं जातं. ही मंजुरी म्हणजे ट्रेडमार्क नव्हे; कित्येकांची गफलत इथेच होते. ट्रेडमार्कचा अर्ज वेगळा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन साडेचार हजार रुपये लागतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. बागा आखण्याची, त्या राखण्याची सेवा ४४ व्या वर्गात मोडते. पुढे त्याच नावानं स्वतःची रोपं आणि बियाण्यांची पाकिटं विकायची झाली तर तो माल ३१ व्या वर्गात जातो आणि त्याचे साडेचार हजार निराळे.