प्रोग्राम न चालवता केलेलं भाकीत

समजा, वसई-भाईंदर रो-रोच्या तिकिटासाठी कुणी छोटा प्रोग्राम लिहिला. प्रवासी गाडीचा नंबर टाइप करणार, प्रोग्राम तो डेटाबेसकडे पाठवणार. पण नंबराच्या जागी एखाद्याने डेटाबेसला कळेल असा हुकूमच टाइप केला आणि तो न तपासता पुढे गेला, तर सगळ्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. टाइप करता येण्याजोगा मजकूर तर अगणित. सगळा चालवून कोण बघणार?

चालवायची गरजच नाही! प्रोग्राम नुसता वाचून 'असं कधीच घडणार नाही' हे छातीठोकपणे सांगता येतं. या विद्येचं नाव डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस.

बाहेरचा मजकूर 'क' या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे माहिती ठेवायच्या कप्प्यात, आला, की 'क'वर डाग लावायचा. 'क'वरून 'ख' काढला, की 'ख'वरही डाग. मजकूर तपासून घेतला, की डाग पुसायचा. वाटेत दोन फाटे फुटले आणि एका फाट्यावर तपासणी राहिली, तर ते पुन्हा मिळतात तिथे डाग आहे असंच धरायचं.

आणि लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा भाग? तो कोटी वेळा फिरेल, पण एखाद्या ओळीपाशी नोंदलेला डाग वाचनाच्या पुढच्या फेरीत मागे घ्यायचा नसतो. व्हेरिएबल तीनच असतील, तर त्या ओळीपाशी डाग फार तर तीनदा वाढतील. मग सगळं स्थिर होतं. डेटाबेसकडे जाणाऱ्या व्हेरिएबलवर तेव्हा डाग नसेल, तर धोका नाही. अगणित शक्यतांचा निकाल मोजक्या फेऱ्यांत!

गॅरी किल्डॉल यांनी 1973 मध्ये या विश्लेषणाची सर्वसाधारण चौकट मांडली, ती प्रोग्राम वेगवान करण्यासाठी. पवईच्या आयआयटीत या विषयाची मोठी परंपरा आहे. काही विश्लेषणांत माहिती प्रोग्रामच्या दिशेने वाहते तशी उलटही वाहते. त्याला किती मेहनत पडते, याचा हिशेब प्रा. ढमढेरे आणि प्रा. उदय खेडकर यांनी 1993 मध्ये मांडला. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा या विषयावरचा ग्रंथ 2009 मध्ये आला.

प्रोग्रामच्या वागण्याबद्दलच्या प्रश्नांना दरवेळी अचूक उत्तर देणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही, हे हेन्री राइस यांनी 1953 मध्येच सिद्ध केलं. म्हणून सुरक्षेसाठी विश्लेषण मुद्दाम संशयी ठेवतात: उगाच इशारा दिला तरी चालेल, खरा धोका सुटता कामा नये. खरा धोका एकही न सोडता फुकटचे इशारे कमी करत जाणं, यातच संशोधकांचं कसब लागतं. सगळं नेमकं कळणं अशक्य ठरल्यावरही माणसाने खात्रीने बोलण्याची एक जागा शोधून काढली, हे मला गणितातलं फार मोठं धैर्य वाटतं.