टेलिफोनवरील घरगुती बैठक आणि बटणांचा नाद

पूर्वीं घरांतील महत्त्वाचा निर्णय ओटीवर किंवा माजघरांत बसून होत असे. वडील मंडळी बोलत, बाकीचीं ऐकत, आणि लहान मुलांना खेळावयास बाहेर धाडलेलें असे. आतां थोरले बंधु नागपुरास, धाकटे बंगळूरास आणि पुतण्या परदेशीं, अशी बहुतेक कुटुंबांची पांगापांग झाली असल्यामुळें ती बैठक टेलिफोनवर भरूं लागली आहे. चार घरें एकाच वेळीं एकमेकांशीं बोलूं शकतात, ही सोय थोडीथोडकी नव्हे. परंतु ओटीवरील बैठकीस जी शिस्त आपोआप असे, ती या नव्या बैठकीस अजून लागलेली नाहीं. तिचा भंग करणाऱ्या गोष्टींत टेलिफोनच्या बटणांतून निघणारा नाद ही एक प्रमुख गोष्ट होय. ती क्षुल्लक वाटते, पण तशी नाहीं.

आमच्याच घरचा अनुभव सांगतों. वडिलांची शस्त्रक्रिया ठरली होती आणि डॉक्टरांशीं बोलण्यासाठीं आम्ही चार ठिकाणचीं माणसें एकत्र जोडलीं गेलों होतों. रक्त पातळ करणारी गोळी शस्त्रक्रियेपूर्वीं किती दिवस बंद ठेवावी, हें डॉक्टर सांगत होते. नेमक्या त्याच क्षणीं आत्याबाईंच्या मांडीवर बसलेल्या दोन वर्षांच्या नातवानें बटणांवर हात मारला. कर्कश सुरांची एक माळच सर्वांच्या कानांत शिरली व दिवसांचा आंकडा तिच्याखालीं बुडून गेला. दुसऱ्या कोणीं तरी ऐकलें असेल, अशा समजुतीनें कोणींच पुन्हां विचारलें नाहीं. रात्रीं ताळा पाहतां एकजण तीन म्हणाला, दुसरा पांच, आणि वहिनींनीं तर कांहींच ऐकलें नव्हतें! सकाळीं डॉक्टरांस पुन्हां विचारून खुलासा झाला. पण ती रात्र घरांतील कोणासच नीट झोंप लागली नाहीं.

हा नाद मुळांत उत्पन्न कां होतो, हें कळलें म्हणजे त्याचा बंदोबस्त सोपा होतो. जुन्या तबकडीच्या टेलिफोनांत आंकडा फिरविला कीं तारेंतील विद्युत्प्रवाह ठराविक वेळां तुटत असे. ती खूण जवळच्या एक्स्चेंजपर्यंतच कामाची. दोन माणसांची गांठ पडली कीं तबकडीचें काम संपलें. पुढें अमेरिकेंतील बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेनें बटणांची नवी पद्धति तयार केली, व १८ नोव्हेंबर १९६३ रोजीं पेन्सिल्व्हेनिया राज्यांतील कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या गांवीं ती गिऱ्हाइकांस प्रथम मिळाली. आरंभीं बटणें दहाच होतीं. चांदणीचें आणि चौकटीचें अशीं दोन बटणें १९६८ सालीं त्यांत आलीं.

या पद्धतींत प्रत्येक बटण एकदम दोन सूर काढतें; एक त्याच्या आडव्या ओळीचा व दुसरा उभ्या ओळीचा. पांचाचें बटण दाबलें कीं सेकंदास ७७० व १३३६ कंपनांचे दोन सूर मिसळून निघतात. माणसाच्या बोलण्यांतून तशी जोडी सहसा उत्पन्न होऊं नये, अशा बेतानें या कंपनसंख्या निवडलेल्या आहेत. मात्र हे सूर जातात ते आवाजाच्याच वाटेनें. साध्या टेलिफोनवर सुमारें ३०० ते ३४०० कंपनांपर्यंतचाच आवाज वाहून नेला जातो आणि बटणांचे सूर त्याच मर्यादेंत बसविलेले आहेत. त्यामुळें संभाषण जुळल्यावरही पलीकडील यंत्रास हुकूम देतां येतो. बँकेचें यंत्र ‘मराठीसाठीं अमुक बटण दाबा’ म्हणतें, तें याच सोयीच्या बळावर. पण यंत्रास ऐकूं जावी म्हणून केलेली ही सोय माणसांच्या बैठकींत मात्र शब्द झांकून टाकते.

सभा जुळविणाऱ्या पुष्कळ यंत्रांत हा नाद ओळखून तो इतरांपर्यंत जाऊं न देण्याची योजना असते. तथापि सूर ओळखावयास यंत्रासही थोडा अवधि लागतो, साधारणतः ४० मिलिसेकंदांचा. तेवढ्यांत सुरांचा पहिला तुकडा निसटतो आणि ‘टिक्’ असा ऐकूं येतो. इंटरनेटवरून चालणाऱ्या टेलिफोनासाठीं २००० सालीं एक रीत ठरविण्यांत आली व २००६ सालीं तिची सुधारणा झाली. तिच्याप्रमाणें बटणाचा सूर आवाजांत न मिसळतां ‘अमुक बटण इतका वेळ दाबलें’ अशी जणूं निराळी चिठ्ठीच पाठविली जाते. ही रीत चांगली. परंतु एकाच बैठकींत कोणी मोबाइलवर, कोणी घरच्या तारेच्या टेलिफोनवर, तर कोणी संगणकावर असतो. आवाज एका व्यवस्थेंतून दुसरींत जातांना नाद पुन्हां त्यांत मिसळूं शकतो. म्हणून सर्व भार यंत्रावर टाकून चालत नाहीं.

येथें दोन गैरसमज दूर करणें अवश्य आहे. मोबाइलमध्यें ‘बटणांचा आवाज बंद’ अशी सोय असते. ती केली म्हणजे झालें, असें पुष्कळांस वाटतें. त्या योगानें फक्त आपल्या कानाला होणारा आवाज थांबतो. दूरच्या मंडळींस जाणारा सूर मोबाइलच्या बाबतींत बहुधा टेलिफोन कंपनीचें यंत्र काढतें, आणि तो चालूच राहतो. दुसरा गैरसमज ‘म्यूट’विषयीं. आपल्या टेलिफोनवर म्यूट केल्यानें आपलें बोलणें थांबतें, बटणें थांबत नाहींत.

तेव्हां उपाय काय? बैठक सुरू होण्यापूर्वींच सभेचा क्रमांक व खुणेचे आंकडे दाबून मोकळें व्हावें. बोलणें सुरू असतां पडदा बंद ठेवावा, टेलिफोन गाल व खांदा यांत धरूं नये, आणि लहान मुलांच्या हातीं तर मुळींच देऊं नये. झूमसारख्या सभेंत टेलिफोनवरून सामील झालेल्यास स्वतःचा आवाज बंद वा सुरू करण्यास चांदणी व ६ हीं बटणें दाबावीं लागतात. तीं दाबावयाचीं तर बोलणारा थांबल्यावर दाबावीं. केवळ गप्प बसावयाचें असेल तर टेलिफोनवरील म्यूट पुरे आहे.

आणखी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. बैठक चालू असतां बँकेचा गुप्त आंकडा किंवा कार्डाचा क्रमांक बटणांनीं कधींही दाबूं नये. प्रत्येक बटणाची सुरांची जोडी निराळी असल्यामुळें, कोणीं संभाषण मुद्रित केलें असल्यास त्या नादावरून आंकडे ओळखून काढतां येतात. घरच्या माणसांवर विश्वास असावाच. पण मुद्रित केलेला आवाज पुढें कोणाच्या हातीं पडेल, याची हमी कोण देणार?

शेवटीं, बैठकीस एक प्रमुख असावा. नाद झाला कीं त्यानें बोलणाऱ्यास नम्रपणें थांबवून तें वाक्य पुन्हां म्हणवून घ्यावें; वडीलधाऱ्यांस थांबविण्याचा संकोच येथें उपयोगाचा नाहीं. बैठक संपण्यापूर्वीं ठरलेल्या गोष्टी, विशेषतः तारखा, रकमा आणि औषधांचीं प्रमाणें, मोठ्यानें वाचून दाखवून प्रत्येक घराकडून होकार घ्यावा. आमच्या घरीं त्या रात्रीनंतर हें काम वहिनींकडे दिलें आहे. त्या कागद-पेन्सिल घेऊन बसतात आणि आंकडा दोनदां वदवून घेतल्यावांचून कोणास टेलिफोन खालीं ठेवूं देत नाहींत. आत्याबाईंचा नातू मात्र तेवढा वेळ शेजारच्या खोलींत खेळतो.