दाढेची चौथी नळी

रूट कॅनाल करूनही दाढ ठणकायला लागली की घरोघरी एकच सल्ला मिळतो, ‘काढून टाक.’ थोडं थांबा.

दाढेच्या मुळांत बारीक नळ्या असतात, त्यांत नस असते. कीड नसेपर्यंत पोचली की डॉक्टर नस काढून नळ्या साफ करतात आणि भरून बंद करतात. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला बहुधा ३ मुळं असतात, म्हणून नळ्याही ३च असतील असं वाटतं. पण निम्म्याहून जास्त लोकांत गालाकडच्या पुढच्या मुळात आणखी एक, चौथी नळी सापडते. ती फार बारीक असते आणि साध्या एक्स-रेत शेजारच्या नळीमागे झाकली जाते. ती राहून गेली तर आत जंतू उरतात. महिन्यांनी, कधी वर्षांनीही हिरडीवर पुळी येते. खालच्या पहिल्या दाढेलाही काहींना एक जादा मूळ असतं. ही जन्माची ठेवण आहे, ब्रश कमी केल्याची शिक्षा नव्हे.

दुखण्याची कारणं इतरही असतात. दाढ तडकलेली असते, कॅप गळते. म्हणून जुना एक्स-रे घेऊन जा आणि विचारा, ‘किती नळ्या भरल्या? तिरका एक्स-रे काढता येईल का?’ विचारायला लाजू नका. पुष्कळदा तीच दाढ उघडून पुन्हा रूट कॅनाल करता येतं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत त्याचा वेगळा विभाग आहे. खेपा पडतात, रोजी बुडते. तारखा आधीच विचारून घ्या.

मेडिकलमधून आणलेल्या गोळीने ठणका दबतो, नळी साफ होत नाही. ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.