जुनी युरोपीय कोरीवचित्रे पुरावा म्हणून कशी वाचावीत?



आफ्रिकेतील राजांच्या मिरवणुका किंवा भारतातील देवमूर्ती दाखवणारी सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय चित्रे तुम्ही पुस्तकांत पाहिली असतील. चित्राखाली जुने वर्ष दिसले की आपण ते त्या काळच्या छायाचित्रासारखे मानतो आणि प्रकल्प-अहवालात लावून मोकळे होतो. ते तसे का मानू नये, आणि तरीही टाकून का देऊ नये, हे या टिपणात पाहू.

१. चित्र तयार कसे होई?

गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर पोलादी हत्याराने रेषा कोरत. पत्र्याला शाई लावून पृष्ठभाग पुसला की शाई फक्त खाचांत उरे. वर ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढला की चित्र उमटे, पण आरशातल्यासारखे उलटे. म्हणून छापील चित्र पाहून कोणी ते तसेच नव्या पत्र्यावर कोरले, तर त्याच्या प्रतीत डावे-उजवे बदलत असे. चित्रातले सगळे योद्धे डावखुरे दिसले, तर ती नक्कल असू शकते.

२. गोव्याचे उदाहरण

डच प्रवासी लिन्सखोटेन १५८३ मध्ये गोव्याला आला आणि तेथील आर्चबिशपच्या पदरी सुमारे पाच वर्षे राहिला. त्याचा 'इतिनेरारियो' हा ग्रंथ १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे फान डोटेकम घराण्यातील कारागिरांनी नेदरलँड्समध्ये कोरली. गोव्याचा बाजार, पालखी, छत्री धरणारे नोकर असे तपशील त्यांत आहेत. ते लिन्सखोटेनच्या रोजच्या पाहण्यातले होते.

देवमूर्तीचे चित्र मात्र वेगळे आहे. तिला शिंगे, सुळे आणि पोटावर दुसरा चेहरा आहे. युरोपातील चर्चच्या चित्रांत सैतान असाच काढत. इटालियन प्रवासी वार्थेमाने १५१० च्या ग्रंथात कालिकतच्या देवाचे वर्णनही सैतान म्हणूनच केले होते. अपरिचित धर्म दाखवायची वेळ आली की आधीपासून ठाऊक असलेला साचा वापरला गेला.

३. तीच कार्यशाळा, पश्चिम आफ्रिका

फ्रँकफर्टच्या द ब्री बंधूंनी १५९७ पासून प्रवासवर्णनांची सचित्र मालिका काढली. काँगो, लिन्सखोटेनचे गोवा आणि पुढे गिनीचा किनारा, सर्व एकाच कार्यशाळेतून निघाले. त्यामुळे दूरदूरच्या देशांतील माणसांची शरीरे आणि उभे राहण्याची ढब सारखीच दिसते.

ओल्फर्ट डापरने १६६८ मध्ये आफ्रिकेवर मोठा सचित्र ग्रंथ काढला. तो स्वतः आफ्रिकेत कधीच गेला नव्हता. इतरांच्या नोंदींवरून त्याने लिहिले. त्यात बेनिनच्या राजाची मिरवणूक आहे आणि राजवाड्याच्या मनोऱ्यांवर पक्षी आहेत. हे सगळे कल्पित समजावे का? नाही. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने बेनिन लुटले. तेथून नेलेल्या, स्थानिक कारागिरांनी घडवलेल्या पितळी कामातही राजवाड्याचा मनोरा, सर्प आणि पक्षी आहेत. म्हणजे मनोऱ्याचा तपशील खरा ठरतो. तो खरा ठरवण्याचा अधिकार मात्र बेनिनच्या कारागिराच्या साक्षीला आहे.

४. चित्र वापरण्यापूर्वी विचारा

अ) प्रत्यक्ष कोणी पाहिले, कोणी रेखाटले, कोणी कोरले?
आ) हे मूळ चित्र आहे की नक्कल?
इ) कोणता तपशील रोजच्या पाहण्यातला आहे, आणि कोणता साच्यातून आलेला?
ई) त्या समाजाने स्वतः घडवलेली वस्तू किंवा लेख त्याला दुजोरा देतो का?

सरावासाठी: लखनौच्या अलीगंजमधील जुन्या हनुमान मंदिराच्या शिखरावर चंद्रकोर आहे. ते न पाहिलेल्या, फक्त 'हिंदूंचे देऊळ' एवढेच ऐकलेल्या कारागिराने त्याचे चित्र कोरले असते, तर चंद्रकोर टिकली असती का? आणि पुढे ते चित्रच पुरावा ठरले असते, तर त्या वास्तूच्या इतिहासातून काय पुसले गेले असते? वरील चार प्रश्नांच्या आधारे उत्तर लिहा.