आठ खुणा, चोवीस किलोबाइट

व्यंकोजीराजांच्या नावाशी जोडलेल्या काडू मल्लेश्वर देवळामुळे मराठी वाचकाला ऐकून माहीत असलेल्या बेंगळुरूतील मल्लेश्वरमला लागूनच भारतीय विज्ञान संस्थेचा परिसर आहे. याच संस्थेतील संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीच्या साथीने २००१ साली ‘सिम्प्युटर’ हा हातात मावणारा संगणक लोकांसमोर ठेवला. त्याच्यासाठी आयएमएल ही वेगळी भाषा रचण्यात आली आणि तिच्यातील पाने वाचून पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम यंत्रातच बसवण्यात आला. दुसऱ्या भाषेतील सूचना एकेक करून वाचणारा आणि तिथल्या तिथे अमलात आणणारा प्रोग्रॅम म्हणजे इंटरप्रिटर. सिम्प्युटरमधील वाचक-प्रोग्रॅम त्याच जातीचा होता. मात्र त्याच्या दिमतीला २०६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. याहून कितीतरी तुटपुंज्या यंत्रावर इंटरप्रिटर लिहायचा झाला, तर भाषा चालते कशी हे अधिक स्पष्ट दिसते.

असे यंत्र म्हणजे समीकरणांचे आलेख काढणारा ग्राफिंग कॅल्क्युलेटर. १९९९ साली आलेल्या टीआय-८३ प्लसचा झेड-८० प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झने चालतो आणि वापरणाऱ्याच्या वाट्याला सुमारे २४ किलोबाइट मेमरी येते. हौशी प्रोग्रॅमर त्यावर ‘एसोटेरिक’ भाषांचे, म्हणजे रोजच्या कामासाठी नव्हे तर भाषेच्या कल्पनेलाच ताणून पाहण्यासाठी रचलेल्या भाषांचे, इंटरप्रिटर लिहितात. उर्बान म्युलर यांनी १९९३ साली रचलेली बीएफ (छापील मजकुरात बहुधा आद्याक्षरेच वापरतात) ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध भाषा.

बीएफमध्ये आकड्यांच्या घरांचा एक लांब पट्टा आणि आठ खुणा एवढाच पसारा असतो. > आणि < या खुणा शेजारच्या घरात नेतात, + आणि - घरातील आकडा एकाने वाढवतात किंवा घटवतात, टिंब आणि स्वल्पविराम अक्षर दाखवतात किंवा घेतात, तर चौकोनी कंसांमधला भाग घरातील आकडा शून्य होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालतो. उदाहरणार्थ ++>+++[<+>-] हा प्रोग्रॅम पहिल्या घरात दोन आणि दुसऱ्यात तीन मांडतो, मग दुसऱ्यातून एकेक काढून पहिल्यात घालतो, आणि शेवटी पहिल्या घरात पाच उरतात.

कॅल्क्युलेटरच्या अंगच्या टीआय-बेसिक भाषेत हा इंटरप्रिटर लिहिणे वरवर सोपे वाटते, कारण प्रोग्रॅम अक्षरमालेत ठेवता येतो आणि पट्ट्यासाठी यादी वापरता येते. पण यादीत ९९९ हून अधिक घरे मावत नाहीत आणि प्रत्येक आकडा दशांश अपूर्णांकासह साठवण्याची सोय असल्यामुळे घरामागे ९ बाइट जातात, जिथे बीएफला एकच पुरतो. म्हणजे पूर्ण भरलेली यादी सुमारे ९ किलोबाइट खाते. कंसाची जोडी शोधण्यासाठी दर फेरीला मजकूर मागे चाळत जावे, तर टीआय-बेसिक स्वतःच इंटरप्रिटरवर चालत असल्याने एकावर एक असे दोन इंटरप्रिटर चालतात आणि वेग फारच मंदावतो. जोड्या आधीच शोधून त्यांच्या जागा दुसऱ्या यादीत नोंदवाव्यात, तर तीही तेवढीच भरल्यास पाऊण मेमरी दोन याद्यांतच संपते. वेळ वाचवावा तर जागा जाते आणि जागा वाचवावी तर वेळ जातो, हा संगणकशास्त्रातील जुना पेच पाठ्यपुस्तकात एका वाक्यात उरकला जातो, पण येथे विद्यार्थ्याला तो स्वतः सोडवावा लागतो. म्हणूनच या खेळाला अभ्यासक्रमात मानाची जागा मिळायला हवी.

झेड-८०च्या असेम्ब्ली भाषेत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत, तोच इंटरप्रिटर लिहिला तर घरामागे एकच बाइट लागतो, शिवाय २५५ मध्ये एक मिळवल्यावर घर आपोआप शून्यावर येते, जे टीआय-बेसिकमध्ये वेगळे तपासावे लागते. तरीही मूळ बीएफचा ३०,००० घरांचा पट्टा या २४ किलोबाइटमध्ये बसत नाही, तेव्हा थोड्या घरांवर भागवणारे प्रोग्रॅमच त्यावर चालवता येतात.