घर रहिवाशाचे, मीटर मालकाचा

नावात ‘मोबाइल’ हा शब्द असला, तरी अमेरिकेतील मोबाइल होम सहसा कुठेही जात नाही. कारखान्यात बांधलेले हे घर ट्रकने ओढून एकदा वसाहतीत आणले आणि त्याला वीज, पाणी, सांडपाण्याच्या जोडण्या दिल्या, की ते तेथलेच होते. पुन्हा हलवायचे तर हजारो डॉलर मोजावे लागतात आणि जुने घर सामावून घेणारी दुसरी वसाहत मिळेलच, याचीही शाश्वती नसते. घर रहिवाशाचे, पण त्याखालची जागा वसाहतीच्या मालकाची, अशी ही विलक्षण भाडेकरूगिरी आहे. साहजिकच खर्च वाढला म्हणून जागा सोडून जाणे येथे सोपे नसते. त्यातून अशा वसाहतींत निवृत्त वृद्धांचे आणि बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांचे प्रमाण मोठे आहे.

भाडे वाढले की ते लगेच लक्षात येते. सेवांच्या शुल्काचे तसे नसते. पूर्वी भाड्यातच धरलेला पाण्याचा किंवा कचरा उचलण्याचा आकार एखाद्या महिन्यापासून स्वतंत्र बिलात दिसू लागतो, भाडे मात्र होते तेवढेच राहते. ही नाव न घेता केलेली भाडेवाढच म्हणायची. कॅलिफोर्नियाने मोबाइल होम रहिवाशांसाठी केलेल्या, १९७८ सालापासूनच्या कायद्यात यावर तोडगा आहे. एखाद्या सेवेचे वेगळे बिल सुरू करायचे, तर त्या जागेसाठी मालकाला आधीच्या १२ महिन्यांत सरासरी जेवढा आकार पडला, तेवढी रक्कम त्याच वेळी भाड्यातून वजा करावी लागते.

विजेचा आणि गॅसचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. जुन्या वसाहतींमध्ये कंपनीचा पुरवठा एका मुख्य मीटरपाशी संपतो. त्यापुढच्या तारा, नळ्या आणि प्रत्येक घराचा सब-मीटर मालकाचा असतो. तो घाऊक घेतो आणि घरोघरी विकतो. राज्याचा नियम असा, की रहिवाशाने थेट कंपनीकडून वीज घेतली असती तर जो दर पडला असता, तोच मालकाने लावावा. मग तारांची देखभाल कोणाच्या पैशातून? त्यासाठी कंपनी मालकाला दरात सवलत देते. समजा, रहिवाशांकडून १०० डॉलर जमा झाले आणि मालकाला कंपनीकडे ९० डॉलरच भरावे लागले, तर मधले १० डॉलर देखभालीसाठीच त्याच्या हाती राहतात.

खरा वाद येथेच पेटतो. तारा बदलल्याचा खर्च मालकाने पुन्हा भाड्यातून मागितला, तर रहिवासी एकाच कामाचे पैसे दोनदा देतो. राज्याच्या लोकोपयोगी सेवा आयोगाने अशी दुहेरी वसुली अमान्य केली आणि २००३ मध्ये अपील न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. मालकांच्या म्हणण्यातही अगदीच तथ्य नाही असे नव्हे. सवलत ठरते ती सरासरी खर्चावर. जमिनीखालचे दशकानुदशकांचे जाळे एकदम बदलायची वेळ आली, की ती अपुरी वाटू शकते. पण वर्षानुवर्षे सवलत घेऊनही ज्याने दुरुस्ती टाळली, त्याची तक्रार कितपत ऐकून घ्यायची, हाही प्रश्नच आहे.

१९९७ च्या जानेवारीपासून नव्या वसाहतींना वीज-गॅसची थेट जोडणी बंधनकारक झाली. जुन्या वसाहतींसाठी २०१५ पासून परिवर्तनाची योजना आली आणि आयोगाने २०२० मध्ये तिची मुदत २०३० पर्यंत वाढवली. तिचा खर्च प्रामुख्याने कंपन्यांच्या साऱ्या ग्राहकांवर विभागला जातो. म्हणजे बोजा येथेही पुढेच ढकलला जातो. फक्त खांदे अनेक असतात.

तोवर सब-मीटरवर राहणाऱ्यांना बिल तपासण्याची सोय कायद्यानेच दिली आहे. बिलावर मीटरचे आधीचे आणि नंतरचे वाचन स्वतंत्र दाखवावे लागते आणि कंपनीचे दरपत्रक किंवा ते जेथे पाहता येते त्या संकेतस्थळाचा पत्ता वसाहतीत ठळक जागी लावावा लागतो. अल्प उत्पन्नाच्या ग्राहकांसाठी असलेली वीज-गॅसची सवलतही मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही. पात्र रहिवाशाच्या बिलातून ती वजा झालेली दिसली पाहिजे.